आलमारी, संदूक आणि बाकाबाईंचं सामान

मराठी माणसाच्या घरात 'साईडबोर्ड' ही वस्तू मुळात नव्हतीच. असायचं कारणही नव्हतं. साईडबोर्ड म्हणजे जेवणघरातलं लांबट, कंबरेएवढं उंच कपाट. वर वाढायची भांडी, खणात काटे-चमचे, खालच्या कप्प्यात बाटल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट ॲडमने इंग्रज सरदारांच्या जेवणघरांसाठी भिंतीलगत टेबल आणि त्याच्या दोन्ही अंगांना स्वतंत्र उभी कपाटं अशी मांडणी केली. पुढे ही तिन्ही एकत्र झाली. १७८८ साली हेपलव्हाइटचं नमुन्यांचं पुस्तक निघालं तोवर साईडबोर्डला आजचं रूप आलेलं होतं. (ते पुस्तकही त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोने, ॲलिसने काढलं. नाव मात्र नवऱ्याचं झालं. असो.) आपल्याकडे जेवण पाटावर, पंगत जमिनीवर आणि वाढणारी बाई स्वयंपाकघरातून ओगराळं घेऊन येणार. साईडबोर्ड ठेवणार कुठे आणि कशाला?

मग सामान कुठे असायचं? भिंतीत! महालातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती दोन-अडीच हात जाड होत्या. भिंतीत पोकळी ठेवली की कोनाडा, आणि त्याला सागवानी चौकट बसवून दोन फळ्यांचं दार लावलं की झालं फडताळ. दिवा कोनाड्यात, औषधाच्या बाटल्या आणि पोथ्या फडताळात, कपडे खुंटीवर. स्वयंपाकघरात दूधदुभत्याचं जाळीचं कपाट, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून त्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. त्या वाट्यांत रोज पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. शालू, चांदीची भांडी, घराची कागदपत्रं हे सगळं संदुकीत. म्हणजे 'फर्निचर' म्हणावं असं हलवता येणारं लाकडी सामान फारच थोडं. भिंत कुणी बदलीच्या गावी नेत नाही.

शब्दही बघा कसे जमले आहेत. 'कपाट' संस्कृत, आणि त्याचा मूळ अर्थ दाराची फळी. बद्रीनाथचे कपाट उघडले असं अजूनही म्हणतात, तिथे आत कपडे नसतात! दारावरून नाव आतल्या जागेला मिळालं. आम्ही नागपूरकडचे लोक 'आलमारी' म्हणतो. तो शब्द पोर्तुगीज 'आर्मारिओ'वरून आला, आणि त्याच्याही मागे लॅटिन आहे, हत्यारं-अवजारं ठेवायची जागा. 'संदूक' अरबी. म्हणजे एका खोलीत संस्कृत, पोर्तुगीज आणि अरबी अशी तिन्ही भिंतीला टेकून उभी.

आता मुद्द्यावर येतो. नागपूरच्या इतिहासात घरातलं सामान एकदा फार मोठ्या जागी आलेलं आहे, आणि शाळेच्या पुस्तकात ते नसतं. मी इतकी वर्षं 'डलहौसीने नागपूर खालसा केले' हे एका ओळीत शिकवलं, कारण पुस्तकात तेवढंच होतं. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले. मुलगा नव्हता. रेसिडेंट मॅन्सेलचा कल राज्य ठेवावं असा होता, पण डलहौसीने ऐकलं नाही आणि १८५४ मध्ये राज्य गेलं. हे झालं राजकारण. त्यानंतर जे झालं ते घरात झालं. राजाचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोल भावाने विकले गेले. मग वाड्यातल्या सामानाची पाळी आली. दुसऱ्या रघूजींच्या विधवा बाकाबाई तेव्हा वयोवृद्ध होत्या. त्यांनी निरोप दिला, की सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन.

सामान हलवलंच. भोसल्यांचे दागिने, थोडे वगळून, कलकत्त्याच्या बाजारात गेले. हे कुण्या भोसलेभक्ताने लिहिलेलं नाही. सर जॉन के या इंग्रज इतिहासकाराने १८५७ च्या उठावाच्या इतिहासात नोंदवलं आहे. या जप्त्या आणि विक्र्यांनी लोकांच्या मनावर राज्य घेतल्यापेक्षाही वाईट परिणाम केला असं आपण ऐकलं, हेही त्यानेच लिहिलं. मला हे अगदी पटतं. राज्य जाणं म्हणजे कागदावरची गोष्ट. गाडीवर चढवलेला आपला पलंग मात्र रस्त्यावरच्या कुणालाही दिसतो.

के यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १८६४ साली निघाला. योगायोग असा, की त्याच साली काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा तो राजवाडा खरोखरच जळाला. उरला तो फक्त नगारखाना. बाकाबाई ते पाहायला नव्हत्या. त्या १८५८ मध्येच गेल्या होत्या.

साईडबोर्ड नागपुरात आला तो यानंतर. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झालं, १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत साहेब राहायला आले. साहेबाची बदली व्हायची, मग सामान विकायचं आणि नव्या गावी दुसऱ्याचं घ्यायचं, अशी इंग्रजांची हिंदुस्थानभर रीत होती. ते इथले वकील, मालगुजार, दिवाणबहादूर घेत. आणि मग आपले सुतार ते पाहून तसंच दुसरं बनवत. अशा नकलांवर माझा फार जीव आहे. एका स्नेह्यांकडे मी एक पाहिला: पाय विलायती घाटाचे, मागे आरसा, पण प्रत्येक दाराला पितळी कडी-कोयंडा! एकत्र कुटुंबात कुलूप लावायची सोय नसलेलं कपाट कोण ठेवील? मला विचाराल तर असा सुताराच्या हातचा 'देशी साहेब' अस्सल विलायतीपेक्षा घ्यावा.

लाकडाची तर आपल्याकडे श्रीमंतीच. आलापल्ली-अहेरीचं सागवान, बल्लारशाहचा डेपो आणि नागपुरात लकडगंज ही साखळी इथल्या प्रत्येक घरबांधणाऱ्याला माहीत असते. २०२३ साली दिल्लीत नवं संसद भवन उघडलं त्याचं सागवान नागपूरहून गेलं, आणि अयोध्येच्या मंदिरासाठी त्याच वर्षी बल्लारशाहहून लाकूड पूजा करून रवाना झालं. मग आपल्याच घरातलं सागवान आपण का टाकलं? त्याला दोन कारणं. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली, आणि माझ्या पिढीपर्यंत लग्नात मुलीला 'गोदरेज' देणं हा रिवाज झाला. वाळवी नाही, उंदीर नाही, शिवाय आतला चोरकप्पा. दुसरं कारण सनमायका. सत्तरच्या दशकात चकचकीत सनमायकाशिवाय घर म्हणजे गावंढळ! लाकडाच्या वस्तू माळ्यावर आणि गच्चीवर गेल्या.

आता वारा उलटा फिरला आहे. पुतणीने बेसा रोडला फ्लॅट घेतला आणि म्हणाली, "काका, मला व्हिंटेज साईडबोर्ड हवा, तुम्ही सोबत चला." चार-पाच दुकानं पाहिली. तिथे तिला जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो.

समोरून पाहू नका, मागून पाहा. समोरची बाजू विकणाऱ्याने तयार केलेली असते. खण पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यात एका फळीचे दात दुसरीच्या खाचांत अडकवलेले आहेत की नुसते खिळे ठोकले आहेत? हाताने कापलेले दात थोडे असमान असतात. खणाच्या खालच्या कडा घासून झिजलेल्या हव्यात. शंभर वर्षं उघडबंद झालेला खण कोरा कसा राहील? मागच्या फळीवर करवतीच्या खुणा सरळ असतील तर हाताची करवत, गोल कमानी असतील तर यंत्राची. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकाआधी नव्हताच. तो दिसला म्हणून कपाट खोटं ठरत नाही, पण बिजागरी बदलली आहे एवढं नक्की. सगळ्यात जास्त फसवणूक होते ती अर्ध्या जुन्याची. वाड्याचं कोरीव दार खरं जुनं असतं आणि त्यामागचा सांगाडा गेल्या महिन्यातला.

आणि नागपूरचं ऊन विसरू नका. मे महिन्यात पंचेचाळीस अंशाची कोरडी भट्टी, त्याच खोलीत खसाचा कूलर, मग जुलैत दमट हवा. लाकूड आक्रसतं आणि फुगतं. जुने सुतार हे जाणत. म्हणून दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते, डिंकाने चिकटवत नाहीत. तिला हलायला जागा हवी. हौशी लोक ती फट दिसते म्हणून भरून टाकतात आणि पुढच्या उन्हाळ्यात फळी मधोमध तडकते! फट भरू नये. कपाट कूलरच्या तोंडाशी ठेवू नये. जुना थर खरवडून चकचकीत लॅकर मारण्यापेक्षा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा हलका हात पुरे.

कायद्याचंही सांगतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू, इमारतीतून काढलेला तुकडासुद्धा, पुरावस्तूत मोडू शकते आणि ती खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. घरी ठेवायला हरकत नाही. अमेरिकेतल्या मुलाला भेट म्हणून पाठवायची असेल तर विचार करा. शंभराच्या आतल्या वस्तूंचं काय होतं ते चंडीगडला दिसलं. १९५० च्या दशकात पिअर जानेरे आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी खुर्च्या-कपाटं भंगार म्हणून लिलावात गेली आणि पॅरिस-लंडनमध्ये लाखोंना विकली गेली. २०११ मध्ये केंद्र सरकारने विक्री थांबवायचा आदेश काढला तोवर बरंच गेलं होतं. शाळेत आम्ही डेडस्टॉक रजिस्टर ठेवत असू, त्यात 'निर्लेखित' असा शेरा पडला की वस्तू संपली. ती किती चांगली होती याचा रकाना त्या रजिस्टरमध्ये नसतो.

पुतणीला मी आणखी एक सांगितलं: दुकानदाराला विचार, हे कुणाच्या घरातलं? उत्तर नेहमी 'राजवाड्यातलं' असं येतं. खरं उत्तर बहुधा आमच्यासारखं असतं. आमचं महालातलं घर २००८ साली बिल्डरकडे गेलं. जुन्या सामानाचा व्यापारी चौकटींसकट सगळी फडताळं उपटून न्यायला आला. भावकीत हिस्से झालेले, कुणालाच ती नको होती, भाव त्याने सांगितला तोच झाला. आता ती कुठल्या हॉटेलात काच लावून टेबल झाली असतील कोण जाणे. संदूकही त्याच्या यादीत होती. काकू तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्या काही बोलल्या नाहीत, सकाळी येऊन संदुकीवर बसल्या. दुपारचं ताटही तिथेच मागवून घेतलं. संध्याकाळी व्यापारी टेम्पो घेऊन गेला, संदूक राहिली. त्या दिवशी मला बाकाबाईंची गोष्ट माहीत नव्हती. ती मी निवृत्तीनंतर वाचली.

साईडबोर्ड काही पुतणीला पसंत पडला नाही. एक आवडला त्याला आतून नवा प्लायवूड निघाला. शेवटी भावाकडची संदूक तिने नेली, बैठकीच्या खोलीत खिडकीपासून दूर ठेवली, आत रजया आणि हिवाळ्याचे कपडे. किल्ली काकूंबरोबरच कुठे गेली. दोन कुलूपवाले पाहून गेले, दोघेही म्हणाले, जुनं काढा, नवीन बसवून देतो. अजून तरी बसवलेलं नाही.