कारचे फॉग लॅम्प का लागत नाहीत? बिघाड कसा शोधायचा?

पंचवटीतून पहाटे मुंबईकडे निघालेली गाडी साधारण तासाभरात इगतपुरी गाठते आणि पुढे कसारा घाट सुरू होतो. पावसाळ्यात इथे ढग अक्षरशः रस्त्यावर उतरतात. हेडलाइट अप्परवर टाकला तर उजेड धुक्यावरून उलटून डोळ्यांवरच येतो. बंपरमधल्या फॉग लॅम्पचा झोत मात्र खालून आणि रुंद पडतो, त्यामुळे निदान रस्त्याची कड आणि पांढरी पट्टी दिसते. हे दिवे एरवी कोणी लावत नाही. म्हणून ते बंद पडल्याचे कळते तेही नेमके घाटात.

खरे तर तपासणी घरासमोरच होते. गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावायचे. बऱ्याच गाड्यांत पार्किंग लाइट लावल्याशिवाय फॉग लॅम्प लागतच नाहीत. निम्मी तक्रार इथेच मिटू शकते.

एकच दिवा बंद असेल तर दोष बहुधा त्याच बाजूचा असतो: बल्ब, कनेक्टर किंवा अर्थिंग. दोन्ही बंद असतील तर फ्यूज, रिले किंवा स्विचवर संशय घ्यावा. एक बल्ब महिन्यांपूर्वीच उडालेला असतो आणि दुसरा आज उडतो, असेही होते. त्यामुळे दोन्ही बल्ब काढून तार तुटली आहे का, काच काळवंडली आहे का, ते पाहून घ्यावे. नव्या हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा राहिला तर काच तिथे जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

बल्ब चांगला असूनही दिवा लागत नसेल तर टेस्ट लॅम्प कामाला येतो. बल्बचा कनेक्टर काढून, स्विच चालू ठेवून तो दोन्ही पिनांना लावायचा. पेटला तर करंट येतो आहे, म्हणजे दोष बल्बचा किंवा सैल पिनेचा. पेटला नाही, पण एक टोक बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावल्यावर पेटला, तर अर्थिंगची वायर गेली. कुठेच पेटला नाही तर मागे फ्यूज आणि रिलेकडे जायचे. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून लगेच कळते.

फ्यूजच्या बाबतीत मात्र जुगाड नको. ५५ वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर ओढतात आणि फ्यूज त्या हिशेबाने दिलेला असतो. नवा फ्यूजही लगेच उडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. तिथे जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार घातली तर फ्यूजऐवजी वायरिंग जळते. त्याऐवजी दोन्ही बल्बचे कनेक्टर काढून योग्य अँपिअरचा फ्यूज लावावा. तो टिकला तर दोष बल्ब किंवा होल्डरमध्ये. तरीही उडाला तर वायरिंगमध्ये. बाहेरून जादा दिवे बसवताना कापलेल्या आणि नुसत्या टेप गुंडाळलेल्या वायरी इथे आधी पाहाव्यात.

पाणी हे वेगळेच प्रकरण आहे. फॉग लॅम्प इतका खाली असतो की खड्ड्यातले पाणी पहिले त्यालाच लागते. त्यात पुराच्या दिवसांत गोदाघाटावर उभी राहिलेली गाडी असेल, तर बल्ब बदलण्याआधी कनेक्टर उघडावा. पिनांवर हिरवट थर दिसला तर तो साफ करून किंवा कनेक्टर बदलून, रबरी सील नीट बसवावे. काचेवर सकाळी हलकी वाफ दिसून दिवा लावल्यावर उडून गेली तर काळजी नाही. आत पाणी साचलेले दिसले तर काच तडकली आहे किंवा सील गेले आहे. कंपनीच्या एलईडी फॉग लॅम्पमध्ये अनेकदा बल्ब वेगळा निघत नाही, पूर्ण लॅम्पच बदलावा लागतो. म्हणून तिथे आधी फ्यूज आणि कनेक्टर तपासून मगच खर्च करावा.