युसूफ मेहरअली आणि 'शहरी' असण्याचा अर्थ

मराठीतला 'नागरिक' हा शब्द 'नगर' या शब्दापासून आला. उर्दूत नागरिकाला 'शहरी' म्हणतात, तो 'शहर' या शब्दापासून. दोन्ही भाषांनी नागरिकत्वाचा संबंध आधी माणसाच्या वस्तीशी जोडला आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. 'शहरियत' म्हणजे काय, हे मुले घडाघडा म्हणून दाखवतात. पण एखाद्या मोठ्या शहराचा कारभार हाती घेतलेल्या मुसलमान तरुणाचे नाव सांगा म्हटले, की वर्ग गप्प होतो. ज्या महाराष्ट्रात युसूफ मेहरअली होऊन गेले, तेथे वर्गाने असे गप्प बसावे ही खेदाची गोष्ट आहे.

मेहरअलींचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत एका सधन खोजा कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी पदवी घेतली, पुढे कायद्याचा अभ्यास केला. घरच्या व्यापाराचा मार्ग समोर होता. तो त्यांनी धरला नाही. १९२८ मध्ये त्यांनी सोबत्यांना घेऊन 'बॉम्बे यूथ लीग' उभी केली, तेव्हा त्यांचे वय होते अवघे चोवीस.

त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरले. भारताला किती आणि कसे अधिकार द्यावेत हे ठरवायला आलेल्या या मंडळात सात सभासद होते आणि त्यांत एकही भारतीय नव्हता. मेहरअली आणि त्यांचे तरुण साथी हमालांच्या वेशात बंदरापर्यंत पोहोचले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तेथे त्यांनी काळे झेंडे दाखवले, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. 'सायमन गो बॅक' ही घोषणा मेहरअलींनी दिली आणि ती बघता बघता देशभर पसरली. पुढे १९४२ मध्ये 'क्विट इंडिया' हे शब्दही त्यांनीच सुचवले आणि गांधीजींनी ते पसंत केले. साम्राज्याला परत जायला सांगणाऱ्या दोन घोषणा एकाच माणसाच्या तोंडून निघाल्या, हा योगायोग नव्हे. थोड्या शब्दांत मोठा विचार मांडण्याचा सराव त्यांनी तरुणांच्या संघटनेत केला होता.

यूथ लीगकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. आज तरुणांचा सहभाग म्हटला, की डोळ्यांपुढे मिरवणूक, झेंडे आणि नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक येतात. यूथ लीग हे कोणा पुढाऱ्याचे लवाजम्याचे पथक नव्हते. तिने 'व्हॅनगार्ड' नावाचे पत्र काढले, सभा घेतल्या, वादविवाद केले. मेहरअली स्वतः भरपूर वाचत आणि लिहीत. मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले, १९३२ मध्ये पुन्हा गेले. १९३४ मध्ये आचार्य नरेंद्र देव, जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन यांच्यासारख्यांबरोबर त्यांनी काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत भाग घेतला. वयाच्या तिशीपर्यंत त्यांनी चळवळ, लेखन, तुरुंग आणि पक्षबांधणी असे सारे पाहिले होते.

मेहरअलींच्या आयुष्यातला आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा यानंतरचा आहे. १९४२ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. त्यांचे नाव पुढे आले तेव्हा ते कैदेत होते. अडतिसाव्या वर्षी हे पद मिळवणारे ते तोवरचे सर्वांत तरुण महापौर होते. महायुद्ध चालू होते, जपानी फौजा ब्रह्मदेशात आल्या होत्या आणि शहर हवाई हल्ल्याच्या भीतीखाली होते. संरक्षणाची सरकारी यंत्रणा उभी होती. मेहरअलींचे म्हणणे असे, की शहराचे रक्षण शहरातल्या लोकांनीच केले पाहिजे. त्यासाठी त्यांनी नागरिकांच्या स्वयंसेवक दलांचा आग्रह धरला. ९ ऑगस्टच्या धरपकडीनंतर महापौर पुन्हा गजाआड गेले. तुरुंगात त्यांना हृदयविकाराने गाठले आणि त्यातून ते पुरते सावरले नाहीत. २ जुलै १९५० रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी मुंबईतल्या गाड्या आणि व्यवहार काही मिनिटे थांबले होते. मुंबईला थांबायची सवय नाही. ती थांबली, यातच त्यांची शहरियत सिद्ध होते.

मेहरअली एकटे नव्हते. सोलापूरचे कुर्बान हुसेन आठवा. पंचविशीही न गाठलेला हा तरुण कामगारांत काम करीत होता आणि 'गझनफर' नावाचे पत्र चालवीत होता. त्या सोलापुरात १९३० मध्ये नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला होता. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, सरकारने लष्करी कायदा पुकारला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. सोलापूरकर चौघांची नावे एका दमात घेतात. मुंबईत काय किंवा सोलापुरात काय, या तरुणांनी देशाचा प्रश्न आपल्या शहराच्या रस्त्यावर, गिरणीत आणि नगरपालिकेच्या दारात पाहिला.

ही नावे आपल्या समाजात घेतली जात नाहीत असे नाही. पण ती बहुधा दाखल्यासारखी काढली जातात. कोणी आमच्या निष्ठेवर शंका घेतली, की आम्ही खिशातून मेहरअलींचे नाव काढून दाखवतो. शंका घेणाऱ्याला उत्तर मिळत असेल, मात्र मेहरअलींवर त्यात अन्याय होतो. त्यांनी आयुष्य वेचले ते पुढच्या पिढीला प्रमाणपत्र मिळावे म्हणून नव्हे. शिवाय ज्याने दाखला दाखवायचा तो कायम अर्जदारच राहतो. मेहरअली अर्जदार नव्हते. विभक्त मतदारसंघांच्या त्या काळात, जेव्हा मुसलमानाने फक्त मुसलमानांच्या वतीने बोलावे अशी सरकारची आणि अनेक पुढाऱ्यांचीही अपेक्षा होती, तेव्हा ते साऱ्या मुंबईच्या वतीने बोलले.

त्यांच्या तरुणपणी मतदानाचा हक्क मालमत्ता, भाडे आणि शिक्षण यांच्या मोजपट्टीवर ठरे. मुंबई महापालिकेची प्रौढ मतदानावरची निवडणूक १९४८ मध्ये झाली. संविधानाने एकवीस वर्षांवरील सर्वांना मत दिले. पुढे ६१व्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून हे वय अठरावर आले. ७३व्या आणि ७४व्या दुरुस्त्यांनी १९९३ पासून पंचायती व नगरपालिकांना घटनेचा आधार मिळाला. एकविसाव्या वर्षी तेथे उमेदवार होता येते, तर विधानसभेसाठी पंचवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे कायद्यानेच तरुणाला पहिली पायरी वस्तीतली दाखवली आहे. ग्रामसभेत प्रत्येक मतदाराला बसता येते. २००५ च्या कायद्याने माहिती मागता येते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना तीन चतुर्थांश जागा दिल्या आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. पंचविशीतली आई या समितीत बोलू लागली, तर तो शासनातला सहभागच आहे.

पण ही पायरीच काढून घेतली तर? मुंबई महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. तिची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे निवडून आलेले सभागृह नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती होता. राज्यातल्या इतर अनेक शहरांतही असेच घडले. अखेर मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. २०१७ च्या मतदानानंतर अठरा वर्षांच्या झालेल्या मुलांनी आपल्या वॉर्डासाठी मत न देताच विशी ओलांडली. ज्या खुर्चीत एके काळी तुरुंगातून आलेला तरुण बसला, ती इतकी वर्षे रिकामी राहिली. याबद्दल तरुणांचा म्हणून किती मोठा आवाज उठला? आमच्या कानी तरी तो आला नाही. हक्क काढून घेतला जातो त्याहून, तो गेल्याचे जाणवत नाही ही गोष्ट अधिक काळजीची आहे.

आपल्या वस्त्यांत पाणी, गटार, दवाखाना, उर्दू शाळेची पडकी भिंत हे विषय रोजच्या तक्रारीचे आहेत. तक्रार चहाच्या टपरीवर संपते, कारण ती कोठे, कोणत्या कागदावर मांडायची हे तरुणाला ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक वस्तीत वाचनाचे, चर्चेचे आणि अर्ज लिहिण्याचे एक छोटे मंडळ असावे असे आम्हांला वाटते. त्यात मुली असाव्यात, शेजारच्या वस्तीतली मराठी, गुजराती, तेलुगू बोलणारी मुले असावीत. अंदाजपत्रक म्हणजे काय, वॉर्डाला किती पैसा येतो, तो कोठे जातो, हे त्यांनी शिकावे. हे काम मिरवणुकीइतके देखणे नाही, आणि एका निवडणुकीत त्याचे फळही मिळणार नाही.

मेहरअलींच्या नावाने १९६१ मध्ये स्थापन झालेले एक केंद्र पनवेल तालुक्यात तारा येथे काम करते आहे. मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ताही आहे. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या तरुणाला ते कोण होते हे कळावे, एवढीच अपेक्षा धरणे फार थोडे होईल. तो रस्ता कोण झाडतो, त्याचा खर्च कोण मंजूर करतो आणि त्यात आपले म्हणणे कोठे मांडायचे, हे त्याला ज्या दिवशी कळेल, त्या दिवसापासून तो खऱ्या अर्थाने 'शहरी' होईल.