जुळवलेल्या संगणकाची वाटचाल : लॅमिंग्टन रोड ते तळा

तळगडाच्या पायथ्याशी असलेले तळा हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव संगणकाच्या सुट्या भागांच्या मोठ्या बाजारापासून दूर आहे, आणि म्हणूनच ‘असेंबल्ड’ म्हणजे सुटे भाग आणून जुळवलेल्या स्वस्त संगणकाचा इतिहास तेथून पाहणे उद्बोधक ठरते. कारण मदरबोर्डवर न बसणारी रॅम हाती आली, तर ग्राहकाला इंदापूरमार्गे मुंबईची आणखी एक फेरी पडे आणि वाचवलेले पैसे प्रवासातच जात.

अशी जुळणी शक्य झाली ती आयबीएमने ऑगस्ट 1981 मध्ये आणलेल्या, इंटेलच्या 8088 प्रोसेसरवर चालणाऱ्या वैयक्तिक संगणकामुळे, कारण त्याची रचना इतर उत्पादकांना अनुसरता येण्याइतकी खुली होती. भारतात 1984 च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले आणि मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, रेडिओच्या व इलेक्ट्रॉनिक भागांच्या जुन्या व्यापारावरून हळूहळू संगणकाकडे वळला.

जुळणीचे खरे कसब नव्वदच्या दशकात पणाला लागले. ‘सॉकेट 7’ या खाचेत इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के6 आणि सायरिक्सचा प्रोसेसर असे तिन्ही बसत, त्यामुळे कमी पैशांत निवडीला वाव होता. परंतु खाचेत बसणे म्हणजे चालणे नव्हे, कारण जुन्या पेंटियमला सुमारे 3.3 व्होल्ट तर पेंटियम एमएमएक्सच्या गाभ्याला 2.8 व्होल्ट लागत आणि हा फरक मदरबोर्डवरील जंपर, म्हणजे पिनांवर बसवायच्या चिमुकल्या टोप्या, हलवून हाताने साधावा लागे. त्या काळच्या एटी पद्धतीच्या एसएमपीएसचे, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचे, दोन प्लग शेजारीशेजारी बसवताना दोन्हींच्या काळ्या तारा मध्ये येतील अशी खबरदारी घ्यावी लागे, अन्यथा मदरबोर्ड जळण्याची भीती असे. हे ज्ञान बहुधा पुस्तकातून नव्हे, तर दुकानातील कारागिराच्या हातातून पुढे गेले, आणि त्या कारागिरांची नोंद कोणी ठेवली नाही ही खेदाची गोष्ट आहे.

1995 मध्ये इंटेलने मांडलेल्या एटीएक्स रचनेने प्लगचा धोका संपवला, पण 1997 च्या पेंटियम 2 पासून इंटेल व एएमडी यांच्या खाचा वेगळ्या झाल्या आणि प्रोसेसर ठरला की मदरबोर्डही ठरू लागला. 1999 च्या इंटेल 810 चिपसेटने चित्रदर्शनाचे काम मदरबोर्डमध्येच सामावल्यामुळे वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा खर्च वाचला. मात्र त्यात एजीपी ही ग्राफिक्स कार्डाची खाच नसल्याने पुढे चांगले कार्ड घेण्याची वाट जवळपास बंद झाली, आणि बेताच्या पैशात संगणक घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे तोलून पाहणे आवश्यक होते. 2001 पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणकशिक्षण तालुक्यांच्या गावी पोहोचले आणि अशा निवडीचा प्रश्न मुंबईबाहेरच्या घरांनाही पडू लागला.

रॅमच्या पट्टीवरील खाच डीडीआरच्या प्रत्येक पिढीत जागा बदलत गेल्याने चुकीची पट्टी आता सहसा बसतच नाही. तरी एएमडीच्या एएम4 खाचेत बसणारे नंतरचे प्रोसेसर जुन्या बोर्डावर बायोस, म्हणजे बोर्डावरील मूळ आज्ञावली, अद्ययावत केल्याशिवाय सुरू होत नसत, आणि ती अद्ययावत करण्यासाठी अनेक बोर्डांवर आधी जुना प्रोसेसरच हाताशी असावा लागे.