खर्ज कुठे हरवतो? टाळ-मृदंगाच्या कानाने सुवाह्य ध्वनियंत्रांचा इतिहास

सोलापुरातील सात रस्ता चौकात उभे राहून इयरफोनवर भजन ऐकू लागलात, तर सर्वप्रथम नाहीसा होतो तो मृदंग. बस आणि ट्रकच्या इंजिनांची घरघर कमी वारंवारितेची असते. त्याच पट्ट्यातला खर्ज ती झाकून टाकते. टाळ मात्र त्या कोलाहलातूनही वाट काढतात. 'अमक्या यंत्राचा आवाज चांगला, तमक्याचा वाईट' हा वाद आपण नेहमी ऐकतो. आजचा धागा त्या वादाच्या इतिहासाविषयी आहे, आणि माझे म्हणणे थोडक्यात असे: हातात किंवा खिशात मावण्याची किंमत प्रत्येक पिढीतील यंत्राने आवाजातूनच चुकती केली. कधी मृदंग देऊन, कधी टाळ देऊन, तर कधी स्वर डळमळू देऊन.

आरंभ ग्रामोफोनपासून करू. १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि तबकडीवर प्रथमच भरघोस खर्ज उतरू लागला. तो ऐकायला मात्र लांब कर्णा हवा. त्याच वर्षी व्हिक्टर कंपनीने काढलेल्या 'क्रेडेन्झा' या कपाटवजा ग्रामोफोनात सुमारे ६ फूट लांबीचा कर्णा दुमडून बसवला होता. १९३१ मध्ये आलेल्या 'एचएमव्ही १०२' या पेटीवजा सुवाह्य ग्रामोफोनात तेवढी जागा कुठून असणार? त्यामुळे एकच तबकडी दिवाणखान्यात भारदस्त वाजे आणि प्रवासात किरटी. गायक तोच, मुद्रण तेच. कर्णा तेवढा आखूड.

कॅसेटची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. फिलिप्सने १९६३ मध्ये ती आणली तेव्हा प्रामुख्याने बोलणे टिपणे हाच तिचा हेतू होता. फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्टुडिओतील फीत याच्या आठपट वेगाने, ३८ सेंटिमीटरने, धावत असे. अरुंद आणि संथ फितीवर सूं-सूं अशी खरखर जास्त आणि उंच वारंवारिता कमी उतरतात. १ जुलै १९७९ रोजी सोनीने या फितीवर चालणारा पहिला वॉकमन ३३,००० येनला विक्रीस काढला. त्यात ध्वनिमुद्रणाची सोयच नव्हती. तो केवळ ऐकण्यासाठी होता. त्याचे खरे नवल मला वाटते ते सोबतच्या ४५ ग्रॅमच्या हेडफोनचे.

तथापि चालत्या माणसाच्या कमरेला लटकणाऱ्या यंत्रात फितीचा वेग स्थिर ठेवणे अवघड. घरच्या डेकमधील जड चक्र फिरते राहून वेगातील चढउतार पचवते. वॉकमनमध्ये ते वजन परवडत नाही. स्वस्त नकलांत तर दीर्घ स्वर थरथरत असे आणि सेल उतरले की सगळी मंडळी एका पट्टीने खाली येत. अशा कित्येक यंत्रांत फीत मागे नेण्याचे बटणही नसे. मग कॅसेट उलटी घालून पुढे पळवायची किंवा पेन्सिलीने गुंडाळायची. दुसऱ्या टोकाला सोनीचाच १९८४ चा 'वॉकमन प्रोफेशनल डब्ल्यूएम-डी६सी' होता. क्वार्ट्झ स्फटिकाच्या आधाराने त्याचा वेग बांधलेला असल्यामुळे रेडिओचे वार्ताहरही तो वापरत. 'वॉकमनचा आवाज' असा एकच आवाज कधी नव्हताच.

एवढ्या उणिवा असूनही कॅसेट जिंकली. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी स्वस्त फिती बाजारात ओतल्या. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात दाखवले आहे की, या लाटेने मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक व लोकसंगीताला बाजार मिळवून दिला. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापूरसारख्या शहरासाठी ही गोष्ट लहान नव्हे. शिवाय जिथे यंत्रमागांचा खडखडाट ९० डेसिबलच्या वर जातो, तिथे फितीच्या खरखरीची तक्रार कोण करणार?

१९८४ मध्ये सोनीचा सुवाह्य सीडी प्लेअर आला. खरखर गेली, वेग स्थिर झाला, पण धक्का बसला की गाणे उडी मारू लागले. मग एमपी३. सीडीवर दर सेकंदाला १४११ किलोबिट माहिती असते. १२८ किलोबिटची एमपी३ त्यातील सुमारे अकरावा हिस्साच ठेवते. म्हणून १९९८ च्या 'रिओ पीएमपी३००' मध्ये ३२ मेगाबाइटांत अर्धा तास संगीत मावले. या वेळी फटका बसला टाळांना. ध्वनीचे लहान तुकडे पाडून ते संक्षिप्त करताना होणारी त्रुटी अख्ख्या तुकड्यावर पसरते; परिणामी तीक्ष्ण आघाताच्या आधीच त्याची पुसट छाया ऐकू येते. हा दोष पकडण्यासाठी तज्ज्ञ स्पेनमधील कॅस्टानेट वाजवून पाहत. आपल्या चिपळ्यांनीही ते काम चोख केले असते!

आणि मृदंग? अनेक खिशातील यंत्रांत इयरफोनच्या वाटेवर एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, असे. तो १०० मायक्रोफॅरडचा आणि इयरफोन १६ ओहमचा असेल, तर सुमारे १०० हर्ट्झच्या खाली आवाज ओसरू लागतो. ३२ ओहमचा इयरफोन लावला की ही सीमा ५० हर्ट्झवर येते, आणि ३०० ओहमच्या हेडफोनला तर ती जाणवतही नाही. एकाच यंत्राविषयी दोन जाणकार भांडतात, ते दोघेही खरे बोलत असू शकतात.

हे सारे इतिहासाच्या विद्यार्थ्याने का जाणावे? घरोघरी कीर्तनांच्या, भजनांच्या, सभांच्या कॅसेट पडून आहेत. कित्येकांची दुसरी प्रत जगात नाही. त्या आज कोणत्या यंत्रावर वाजवून संगणकात उतरवतो, यावर पुढे काय उरेल हे ठरते. हेड किंचित तिरपे असले की टाळ बोथट होतात. वेग ६ टक्क्यांनी चुकला की गायक जवळपास अर्ध्या स्वराने सरकतो. थेट १२८ किलोबिटमध्ये जतन केले, तर जे टाकले ते कायमचे गेले. म्हणून आधी असंक्षिप्त प्रत ठेवावी.

वेग तपासायची एक युक्ती सांगतो. जुन्या मुद्रणात पुष्कळदा विजेची बारीक गुणगुण उतरलेली असते. आपली वीज ५० हर्ट्झची. ती गुणगुण ४७ वर ऐकू आली, तर फीत संथ चालली आहे असे समजावे. पण जपून, कारण १९८०-९० च्या दशकांत विजेच्या टंचाईमुळे खुद्द जाळ्याची वारंवारिताही ५० च्या खाली घसरत असे. अशा वेळी हार्मोनियमकडे कान द्यावा. तिचे सूर बांधलेले असतात. फितीवरची पेटी जर दोन पट्ट्यांच्या अधेमधे वाजत असेल, तर पेटीवाल्याला दोष देण्याआधी यंत्राचा वेग पाहावा.