बिडात लिहिलेला इतिहास



विहिरीवरचं इंजिन तुम्हांआम्हांला परकं नाही. मोट गेली आणि तिच्या जागी इंजिन आलं. पिठाच्या गिरणीत, गुऱ्हाळावर, लाकडाच्या वखारीत त्याचा ठेका लांबून ऐकू यायचा. पुढे गावात वीज आली, विजेची मोटार बसली आणि इंजिन गोठ्याच्या कडेला सरलं. त्याच्यावर कडब्याच्या पेंढ्या पडल्या, कोंबड्या बसू लागल्या. मग एके दिवशी मोडवाला येतो, तराजू लावतो आणि लोखंडाच्या भावाने ते घेऊन जातो. देणाऱ्याला वाटतं, बरं झालं, अडगळ गेली. पण कधी कधी त्या अडगळीबरोबर इतिहासाचं एक पानही जातं, आणि ते पुन्हा मिळत नाही.

असं पान वाचायचं कसं, हे आज एका इंग्रजी इंजिनाच्या उदाहरणाने सांगणार आहे. त्याचं नाव हॉर्न्स्बी-ॲक्रॉइड.

आपण ज्याला सरसकट 'डिझेल' म्हणतो, ते मुळात एका माणसाचं आडनाव. रुडॉल्फ डिझेल हा जर्मन अभियंता. त्याने आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी 1892 मध्ये अर्ज केला आणि 1897 मध्ये ऑग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. पण त्याच्या अर्जाच्या दोन वर्षं आधी, 1890 मध्ये, हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज गृहस्थाने चार्ल्स बिनी याच्यासह जड तेलावर चालणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलं होतं. स्टुअर्टचा जन्म 1864 साली यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्स गावी झाला. ब्लेचली इथे त्याच्या वडिलांचा लोखंडी कामाचा कारखाना होता. तिथे 1885 च्या सुमारास वितळलेल्या कथलाच्या भांड्यात चुकून घासलेट सांडलं. त्याची वाफ झाली आणि जवळच्या दिव्याने ती भडकन पेटली. दुसरा कुणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता. स्टुअर्टने विचार केला, की तापलेल्या धातूवर तेलाची अशी वाफ होत असेल, तर तिच्याकडून काम का करून घेऊ नये?

त्यातून जे इंजिन झालं, ते बांधण्याचे हक्क ग्रँथम गावच्या रिचर्ड हॉर्न्स्बी आणि सन्स या कारखान्याने 1891 मध्ये घेतले. 8 जुलै 1892 रोजी पहिलं इंजिन विकलं गेलं. काम कोणतं? पाणी उपसण्याचं! म्हणजे आपल्या विहिरीवरच्या इंजिनाचं आणि याचं नातं अगदी पहिल्या दिवसापासूनचं.

आता हे चालतं कसं, ते पाहू. इंजिन आडवं. सिलिंडरच्या मागच्या टोकाला एक बिडाचा पोकळ गोळा, त्याला बाष्पक म्हणू. सिलिंडर आणि बाष्पक यांच्यामध्ये बाटलीच्या गळ्यासारखी अरुंद वाट. सुरू करताना बाष्पकाखाली हवा भरून पेटवायचा घासलेटचा दिवा धरायचा. स्टोव्हसारखा तो फुरफुरतो आणि काही मिनिटांत बाष्पक चांगला तापतो. मग मोठं चाक हाताने फिरवायचं. दट्ट्या पुढे जाताना सिलिंडरमध्ये हवा येते आणि त्याच वेळी एक छोटा पंप बाष्पकात तेलाची चिळकांडी सोडतो. तेलाची वाफ होते. दट्ट्या मागे येऊन हवा दाबतो, ती अरुंद गळ्यातून बाष्पकात शिरते, वाफेशी मिसळते आणि पेट घेते. एकदा इंजिन लागलं की दिवा बाजूला काढायचा. स्फोटांच्याच उष्णतेने बाष्पक तापलेला राहतो. ठिणगी नाही, विजेची तार नाही, उघडी ज्योत नाही.

हे इंजिन किती उपयोगी पडलं याचा एक दाखला रेडिओवर सांगण्याजोगा आहे. डिसेंबर 1901 मध्ये मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे पहिला बिनतारी संदेश पाठवला, तेव्हा इंग्लंडच्या पोल्ढू केंद्रातलं वीजयंत्र हॉर्न्स्बी-ॲक्रॉइड इंजिनावर फिरत होतं. तुमच्या घरात येणाऱ्या आवाजाच्या वंशावळीत असं एक तेलाचं इंजिन आहे.

असली हजारो इंजिनं झाली. आज उरली आहेत थोडी, आणि अगदी सुरुवातीची तर फारच विरळा. समजा, गंजलेलं, पाटी नसलेलं, चाक जाम झालेलं एखादं इंजिन समोर आलं. ते कोणतं, हे कसं ओळखायचं?

पहिली साक्ष पितळी पाटीची. पाटी बहुधा चोरीला गेलेली असते, पण तिच्या स्क्रूंची भोकं राहतात, त्यांवरून पाटीचा आकार कळतो. पाटी मिळाली तर गावाचं नाव वाचा. हॉर्न्स्बी कारखाना 1918 मध्ये लिंकनच्या रस्टन प्रॉक्टर कंपनीशी जोडला गेला आणि 'रस्टन अँड हॉर्न्स्बी' हे नाव आलं. तेव्हा नुसतं हॉर्न्स्बी आणि ग्रँथम असेल तर यंत्र 1918 च्या आधीचं. न्यूयॉर्कच्या डी ला व्हर्न कंपनीनेही परवाना घेऊन हेच इंजिन अमेरिकेत बांधलं. त्यामुळे नाव वेगळं दिसलं म्हणून इंजिनाची जात वेगळी, असं लगेच धरू नये.

दुसरी साक्ष आकड्यांची, आणि इथे नवशिके हटकून फसतात. बिडावर उठून दिसणारे आकडे बहुधा साच्याचे असतात. एकाच साच्यातून शंभर भाग निघाले तर शंभरांवर तोच आकडा. इंजिनाचा स्वतःचा क्रमांक हा ठोकून खोलवर उमटवलेला असतो. तो पाटीवर मिळतो, नाहीतर आसाच्या टोकासारख्या घासून साफ केलेल्या जागी शोधावा लागतो. साच्याचा आकडा म्हणजे आडनाव आणि ठोकलेला आकडा म्हणजे माणसाचं नाव, असं समजा.

तिसरी साक्ष पेचांची. जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ पेचाच्या आट्यांचा कोन 55 अंशांचा, अमेरिकनांचा 60 अंशांचा. पाटी हरवली तरी नट-बोल्ट मायदेश सांगतात. आणि शेवटची साक्ष रचनेची. बाष्पक, त्याचा अरुंद गळा आणि वेग वाढला की जादा तेल परत टाकीत वळवणारा नियंत्रक, हे सगळं एकत्र दिसलं की शंका फारशी उरत नाही.

ओळख पटल्यावर मगच दुरुस्ती. हा क्रम कधी मोडू नये. कारण उत्साही माणूस आधी तारेचा ब्रश आणि हिरवा रंग घेऊन येतो. तो गंजाबरोबर मूळ रंगाचा शेवटचा थर खरवडतो, पितळी पाटी घासघासून तिची अक्षरं पुसून टाकतो. इंजिन चकचकीत होतं, पण मुकं होतं.

शहाणा कारागीर आधी फोटो घेतो, मापं टिपतो, प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधतो. दट्ट्या अडकला असेल तर त्यावर घण घालत नाही. बीड ठिसूळ, एका घावात तडकतं. तो पातळ तेल आणि घासलेट घालून दिवसच्या दिवस वाट पाहतो, मग लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके देतो. सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या कप्प्यातला क्षार आणि गाळ काढतो. बाष्पक वर्षानुवर्षं भाजून तडकलेला असतो, तो बहुधा नवा ओतावा लागतो. नवा ओतला तर त्यावर ओतल्याचं साल कोरून ठेवतो, म्हणजे पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला नवं कोणतं नि जुनं कोणतं ते कळेल. दुरुस्तीतला प्रामाणिकपणा तो हाच. आणि हो, अशा इंजिनात पेट्रोल घालून पाहण्याचा खेळ कुणी करू नये. तापलेल्या बाष्पकाशी तो जिवाचा खेळ आहे.

इतकी यातायात कशासाठी? न्यायासाठी. डिझेलचं श्रेय मोठं आहे. नुसत्या दाबाने हवा इतकी तापवायची की तेल आपोआप पेटावं, बाहेरचा दिवा लागूच नये, ही त्याची कल्पना. पण त्याच्या मूळ इंजिनात तेल आत उडवायला दाबलेल्या हवेचा फवारा लागे. नुसत्या पंपाने तेल सोडण्याची सोपी रीत स्टुअर्टच्या इंजिनात आधीच होती. जर्मनीच्या बॉश कंपनीने डिझेल इंजिनासाठी तेल सोडणारे पंप 1927 मध्ये मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात स्टुअर्ट वारला. आजच्या डिझेल इंजिनात दाब डिझेलचा आहे आणि पंपाची वाट स्टुअर्टची. नाव मात्र एकाचंच राहिलं. पुस्तकं एकाची बाजू घेतील, दुसऱ्याची घेतील. पण कारखान्यातून निघालं तसं एखादं इंजिन डोळ्यांसमोर असेल, तर कुणाचं किती ते त्याच्या अंगावरच दिसतं.

आपल्याकडेही हे काम आहे. पुण्याजवळ खडकीला 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. त्याच्या आधीची परदेशी आणि नंतरची देशी इंजिनं आपल्या शिवारांतून चालली. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे, की एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन गावातल्या जुन्या इंजिनापाशी जा. पाटीवरची अक्षरं कागदावर उतरवून घ्या, ठोकलेला क्रमांक टिपा, ते चालवणारे म्हातारे बाबा हयात असतील तर ते केव्हा आलं, किती विहिरींवर फिरलं, हे त्यांना विचारा. इंजिन वाचवणं प्रत्येकाला जमणार नाही. पण मोडवाल्याचा तराजू येण्याआधी त्याचं नाव वहीत उतरवणं, एवढं आपल्या हातात नक्की आहे.