रस्त्याआधीची सायकल

आधी रस्त्यावरची सायकल आली आणि मग कुणीतरी ती जिममध्ये एका जागी उभी केली, असं आपण धरून चालतो. इतिहास उलटा आहे. फ्रान्सिस लाउंड्स यांनी इंग्लंडमध्ये ‘जिम्नॅस्टिकॉन’ या यंत्राचं पेटंट घेतलं १७९६ मध्ये. जर्मनीतल्या कार्ल फॉन ड्राइस यांची दुचाकी आली १८१७ मध्ये, आणि तिलाही पेडल नव्हतंच.

जिम्नॅस्टिकॉनमध्ये पायांसाठी शिलाई मशीनसारख्या फळ्या होत्या, हातांसाठी फिरवायचे दांडे. ते पैलवानांसाठी नव्हतं. सांधे आखडलेल्या, अशक्त झालेल्या रुग्णांसाठी होतं. १८६५ मध्ये स्टॉकहोमला डॉ. गुस्ताफ झांडर यांनी यंत्रांनी व्यायाम देणारी संस्था काढली, तीही उपचारांसाठीच. १९१२ पर्यंत मात्र अशी सायकल टायटॅनिकच्या जिममध्ये, फर्स्ट क्लासच्या प्रवाशांची करमणूक करत होती.

एक प्रश्न उरला होता: पेडल मारणारा नेमकं किती काम करतोय? १९१३ मध्ये कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांनी सायकलच्या चाकाला विद्युतचुंबकाचा ब्रेक लावला. आता मेहनत वॅटमध्ये मोजता आली. ५० वॅट म्हणजे पाच लिटर पाण्याचा कॅन दर सेकंदाला एक मीटर उचलण्याइतकं काम. मला या इतिहासातलं खरं वळण हेच वाटतं. मोजता आलं, म्हणून व्यायामाचा डोस ठरवता आला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हार्ट अटॅकच्या रुग्णाला सहा-सहा आठवडे अंथरुणातच ठेवत. पुढे ती पद्धत मागे पडली, आणि हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात हीच सायकल आली. भार थोडा वाढवायचा, नाडी पाहायची, झेपलं तर पुढे जायचं. १९७३ मध्ये स्कायलॅबवरच्या अंतराळवीरांनाही ती दिली गेली. तिथे शरीराला वजनच जाणवत नाही, पण ब्रेकचा विरोध तसाच राहतो.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही तिचा उपयोग होतो, कारण शरीराचा बराचसा भार सीट उचलते. सुरुवातीला पेडल पूर्ण फिरतही नाही. अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे. मग एक दिवस फेरा पूर्ण होतो.

जिममध्ये कोपऱ्यातल्या सायकलवर एखादे काका भार शून्यावर ठेवून हळूहळू पाय हलवताना दिसले, तर हसू नका. हे यंत्र मुळात त्यांच्यासाठीच बनलं होतं. आपण नंतर आलो.