पोहताना वापरायचे हेडफोन घेताय? ‘वॉटरप्रूफ’ शब्द नको, आकडा बघा

चलथाण (प्रतिनिधी) : उन्हाळा सुरू झाला की चलथाण, कडोदरा, पलसाणा पट्ट्यातली आपली मराठी मंडळीही पोहायला बाहेर पडतात. कानात गाणी वाजत असतील तर मजा औरच. पण डब्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय म्हणून घेतलेला हेडफोन तलावात बंद पडला, तर हजारो रुपये पाण्यात. त्यामुळे खरेदीआधी डब्यावरचा ‘आयपी’ आकडा वाचता यायला हवा.

आकडा कसा वाचायचा?

हे रेटिंग आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दिलं जातं. ‘आयपी’नंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिल्या जागी ‘एक्स’ असेल तर धुळीचं रेटिंग दिलेलं नाही, एवढाच अर्थ.

• आयपीएक्स-४ : घाम, शिंतोडे चालतील. जिम, चालणं-पळणं यासाठी ठीक. पोहायला नाही.
• आयपीएक्स-५ आणि ६ : नळीतून जोरात येणारी धार सोसतो. बुडवायचा नाही.
• आयपीएक्स-७ : १ मीटर पाण्यात ३० मिनिटं.
• आयपीएक्स-८ : ७ पेक्षा कडक चाचणी. खोली आणि वेळ कंपनी ठरवते, म्हणून ‘किती मीटर, किती वेळ’ हे माहितीपत्रकात वाचावंच लागतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ७ किंवा ८ आहे म्हणजे ५ आणि ६ आपोआप आलं, असं नाही. बुडण्याची चाचणी वेगळी, धारेची वेगळी. दोन्ही पास असेल तर डब्यावर ‘आयपी ६५/६८’ असं जोडून लिहिलेलं असतं.

७ असूनही पोहायला का नको?

ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. वस्तू नुसती बुडवून ठेवतात. पोहताना हात मारला, सूर मारला की दाब वाढतो. शिवाय तलावात क्लोरीन आणि डुमसच्या समुद्रात मीठ. याने रबरी सील हळूहळू खराब होतं. शॉक्झ कंपनीचा ओपनरन हेडफोन आयपी ६७ आहे, तरी कंपनी तो पोहण्यासाठी नाही असं सांगते. पोहण्यासाठी त्यांचा ओपनस्विम वेगळा आहे : आयपी ६८, २ मीटरपर्यंत २ तास.

ब्लूटूथ पाण्यात चालत नाही

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि या लहरी पाणी शोषून घेतं. मोबाईल काठावर ठेवला तर डोकं पाण्याखाली जाताच गाणं तुटतं. म्हणून हेडफोनमध्येच गाणी साठवायची सोय हवी. ओपनस्विममध्ये ४ जीबी जागा आहे. ही सोय नसेल तर आयपीएक्स-८ सुद्धा पोहताना कामाचा नाही.

पैसे देण्याआधी विचारा

१. दुसरा आकडा ८ आहे का? खोली आणि वेळ किती?
२. कंपनीने ‘पोहण्यासाठी’ असं स्पष्ट लिहिलंय का? समुद्रात न्यायचा असेल तर खाऱ्या पाण्याचाही उल्लेख हवा.
३. गाणी आतच साठतात का?
४. पाणी शिरलं तर वॉरंटी मिळते का? दुकानदाराचा शब्द नको, वॉरंटी कार्ड वाचा. पक्कं बिल घ्या.

वापरल्यावर

साध्या पाण्याने धुवा, पुसा, पूर्ण कोरडा झाल्यावरच चार्जिंगला लावा. सील जुनं होतं, त्यामुळे नव्या वस्तूचं रेटिंग दोन वर्षांनी तितकंच राहील असं धरू नका.

आणि शेवटचं : हेडफोन फक्त जीवरक्षक असलेल्या तलावात, तोही आवाज कमी ठेवून. तापी नदी किंवा नहेरीच्या वाहत्या पाण्यात कान मोकळेच हवेत. काठावरून कुणी हाक मारली तर ती ऐकू यायला पाहिजे.